थांबावे की उडावे : धावपट्टीवरील दोन पर्याय

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाच्या धावपट्टीवर वेग घेणाऱ्या विमानात बिघाड झाला, तर वैमानिकापुढे दोनच पर्याय असतात: उड्डाण रद्द करणे किंवा बिघाडासह उडणे. यांतील निवड ‘व्ही-वन’ या आधीच काढलेल्या वेगावर ठरते.

व्ही-वनच्या आत थांबणे शक्य असते. इंजिनांची शक्ती एकदम कमी केली जाते, ब्रेक पूर्ण लागतात, पंखांवरील पट्ट्या उभ्या राहतात. ब्रेक इतके तापतात, की चाकांतील वितळणारी बुचे टायरमधील हवा सोडून देतात, म्हणजे टायर फुटत नाही. तरीही ताशी सुमारे १५० किलोमीटरनंतर किरकोळ बिघाडाच्या सूचनेसाठी थांबू नये, असाच दंडक आहे आणि तो मला पूर्ण पटतो.

व्ही-वन ओलांडताच कॅप्टन शक्तीच्या दांड्यावरचा हात काढून घेतो, कारण आता थांबायला धावपट्टी पुरणार नसते. दोन इंजिनांचे विमान एकावरही वर चढू शकेल, असेच बांधलेले असते. म्हणून येथे उडणेच अधिक सुरक्षित. मात्र मराठवाड्यातील उन्हाळ्यात हवा विरळ होते आणि धाव लांबते.

२६ एप्रिल १९९३ रोजी येथूनच निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाचे नाक उशिरा उचलले गेले, बीड रस्त्यावरील कापसाच्या ट्रकला ते धडकले आणि ५५ जणांचा मृत्यू झाला. चौकशीत वैमानिकांच्या चुकीबरोबरच त्या रस्त्यावरील वाहतूक न रोखल्याचाही ठपका ठेवला गेला.