पोटरीतला गोळा: ओआरएसची पुडी की फसफसणारी गोळी?

दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांत पुरी करायची असते आणि ती फेब्रुवारीत असली, तरी नागपूरच्या रस्त्यांवर दुपारपर्यंत जर्सीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतातच. हे गेलेले मीठ ओआरएसच्या पुडीने भरून काढावे की पाण्यात फसफसणाऱ्या गोळीने, हा प्रश्न मी दोन हंगाम दोन्ही वापरून सोडवला.

मिठाच्या हिशेबात पुडी सरस आहे, हे आधीच मान्य करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 पासूनच्या सूत्राप्रमाणे तिच्यातून लिटरमागे 75 मिलिमोल, म्हणजे सुमारे 1,700 मिलिग्रॅम सोडियम मिळते. माझ्या गोळीतून अर्ध्या लिटरला जेमतेम 300 मिलिग्रॅम. पुडी स्वस्तही आहे आणि वाटेतल्या कोंढाळी गावच्या मेडिकलमध्येही मिळते. (नावात ओआरएस मिरवणारी गोड पेये वेगळी, अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये त्या नावालाच मनाई केली.)

माझे घोडे अडले ते साध्या भागाकारात. पुडी एक लिटरची आणि सायकलची बाटली साडेसातशे मिलिलिटरची. अख्खी पुडी ओतली की द्रावण ठरल्यापेक्षा दाट होते, आणि एकदा तसे प्यायल्यावर पुढचे वीस किलोमीटर पोटात डचमळत होते. अंदाजाने पाऊण पुडी टाकून उरलेली रबरबँड लावून खिशात ठेवली, तर घामाने तिचा लगदा झाला. अमरावती रस्त्यावर एकदा ट्रक शेजारून गेला आणि निम्मी पूड ओल्या बोटांवर व हँडलच्या टेपवर बसली. रात्री घरी पाहतो तर टेपवर मुंग्यांची रांग. दोनशे मिलिलिटरच्या छोट्या पुड्याही येतात, पण साडेसातशेला त्यांचाही भाग जात नाही.

गोळीचे तसे नाही. साडेसातशेला दीड गोळी लागते. अर्धी तोडून उरलेली नळीत परत टाकता येते आणि झाकणातली ओलावा शोषणारी पूड तिला कोरडी ठेवते. गोळी महाग आहे, आणि फसफस शमण्याआधी बूच लावले तर पहिला घोट तोंडाऐवजी चष्म्यावर जातो, हेही खरे. तिच्यातली मिठाची उणीव मी सकाळच्या तर्री-पोह्यांनी आणि खिशातल्या खाऱ्या शेंगदाण्यांनी भरून काढतो. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र हा हिशेब डॉक्टरांना विचारूनच करावा.

गोळीमुळे माझे पेटके थांबले, असा दावा मी करणार नाही. शेवटच्या चाळीस किलोमीटरांत पोटरीत गोळा मला दोन्ही हंगामांत आला, गोळीच्या हंगामात कदाचित थोडा कमी. पेटक्यामागे मिठापेक्षा स्नायूंचा थकवा अधिक असावा, असे मानणारे संशोधक पुष्कळ आहेत. 2010 च्या एका प्रयोगात विजेच्या झटक्यांनी आणलेला पेटका लोणच्याच्या खाऱ्या पाण्याने सुमारे दीड मिनिटात सुटला, म्हणजे ते मीठ रक्तात मिसळण्याच्या आधीच. प्रत्यक्ष गोळा आल्यावर उतरून पायाचा चवडा स्वतःकडे ओढून धरण्याइतके काहीच मला लागू पडलेले नाही.

सीटखालच्या पिशवीत एक पुडी मात्र मी अजूनही ठेवतो. वाटेत जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर तिथे गोळीचे काम नाही.