अहिराणी मजकुराला हात न लावणारे अक्षरजुळणी केंद्र : जळगावचा एक अनुभव

आखाजीच्या, म्हणजे खान्देशातील अक्षय्य तृतीयेच्या सणाच्या, अहिराणी बोलीतील गाण्यांमधल्या विभक्तिप्रत्ययांवरचा माझा शोधनिबंध एका भाषाविषयक मराठी नियतकालिकाकडे पाठवण्यापूर्वी मी तो जळगावच्या बाजारपेठेतील एका छोट्या अक्षरजुळणी केंद्रातून तयार करून घेतला. हस्तलिखिताचे टंकलेखन, मुद्रितशोधन, जुन्या फॉन्टमधील मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर आणि नियतकालिकाच्या नियमावलीप्रमाणे मांडणी ही कामे तेथे होतात. केंद्र दोनच माणसे चालवतात. मुद्रितशोधन करणारे साठीच्या पुढचे काका आहेत आणि टंकलेखन त्यांचा पुतण्या करतो. आपले नाव जाहीरपणे लिहिले जाऊ नये अशी काकांची इच्छा असल्यामुळे मी ते येथे देत नाही. विद्यापीठाच्या कामासाठी धुळे आणि नंदुरबारकडून जळगावला येणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकांना आणि संशोधक विद्यार्थ्यांना अशा केंद्राची गरज पडते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

या केंद्राकडे वळण्याचे कारण आधी सांगायला हवे. हाच निबंध मी पूर्वी दुसऱ्या एका शहरात टंकलेखनासाठी दिला होता आणि तो शुद्ध करून परत मिळाला होता. अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, डोळ्याला डोया आणि शाळेला शाया म्हणतात; ‘मला’ऐवजी ‘माले’, ‘घरात’ऐवजी ‘घरमा’ म्हणतात; षष्ठीला ‘ना’ आणि ‘नी’ हे प्रत्यय लागतात आणि ‘आहे’च्या ठिकाणी ‘शे’ येते. त्या टंकलेखकाने ‘माले’चे ‘मला’ केले, ‘घरमा’चे ‘घरात’ केले, आणि ‘भाऊना’ हा शब्द तोडून ‘भाऊ ना’ असा लिहिला, त्यामुळे भावाची मालकी सांगणारी षष्ठी जाऊन तेथे भावाची विनवणी उभी राहिली. वाईट हेतूने कोणी हे केले नव्हते. मजकूर सुधारून देणे हे आपले कर्तव्य आहे, असेच त्यांना मनापासून वाटत होते. परंतु ज्या निबंधाचा सारा पुरावा प्रत्ययांतच आहे, त्यातला एकेक प्रत्यय सुधारणे म्हणजे एकेक पुरावा खोडणे होय. शिरपूर आणि साक्री तालुक्यांत बायकांच्या शेजारी बसून लिहून घेतलेल्या गाण्यांची ती दशा पाहून मला फार वाईट वाटले आणि निबंध पाठवायचे काम जवळजवळ वर्षभर मागे पडले.

जळगावच्या केंद्रात पहिल्याच दिवशी पुतण्याने हस्तलिखिताचे दुसरे पान उघडले, ‘डोया’ या शब्दावर बोट ठेवले आणि विचारले, “ताई, हाऊ शबद असाज शे का?” मी होकार दिल्यावर त्याने सर्वप्रथम संगणकातील आपोआप दुरुस्ती करणारी सोय बंद केली. त्यानंतर त्याने आखीव कागद घेऊन दोन रकाने पाडले. डावीकडे निबंधात येणारे अहिराणी रूप आणि उजवीकडे त्याच्याशी गोंधळ होऊ शकेल असे प्रमाण मराठी रूप लिहिले. संपूर्ण हस्तलिखित चाळून तयार झालेली ही शब्दयादी माझ्याकडून तपासून घेईपर्यंत त्याने टंकलेखनाला हात लावला नाही. माझ्या मते या केंद्राच्या कामातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

काकांची मुद्रितशोधनाची रीत जुनी आहे. पुतण्या हस्तलिखित मोठ्याने वाचतो आणि काका छापील प्रतीवर नजर ठेवतात. गाण्यांच्या बाबतीत ते भूमिका बदलतात, कारण काकांना कानाने ऐकलेला शब्द अधिक नीट पकडता येतो. विवेचनाचा भाग ते साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे तपासतात. १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार असे ते अठरा नियम त्यांच्या मेजावर कायम असतात. गाण्यांच्या ओळींना मात्र त्यांनी वेगळी शैली दिली आणि त्या भागावर लाल पेनने फक्त हस्तलिखिताशी न जुळणाऱ्या जागा दाखवल्या. एका ठिकाणी आमचा मतभेद झाला. एका गायिकेने ‘व्हता’ म्हटले होते आणि दुसरीने ‘होता’. निबंधात एकच रूप ठेवावे, असा काकांचा आग्रह होता. एकरूपता हा मुद्रितशोधनाचा चांगला नियम आहे, हे मलाही मान्य आहे, पण दोन गावांतल्या दोन बायकांच्या तोंडचा फरक हाच येथे अभ्यासाचा विषय आहे, असे मी सांगितल्यावर त्यांनी दोन्ही रूपे ठेवली आणि शब्दयादीत तशी नोंद केली. समजावून सांगितलेले ऐकणारा मुद्रितशोधक मिळणे अवघड असते.

माझ्याजवळच्या गाण्यांपैकी काही अनेक वर्षांपूर्वी जुन्या फॉन्टमध्ये टंकित करून ठेवलेली होती. अशा फॉन्टमध्ये अक्षरे जशी दिसतात त्या क्रमाने साठवली जातात, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम पाळला जातो आणि वेलांटी व्यंजनाच्या नंतर साठवली जाते. रूपांतर करणारी साधने हा क्रम बदलतात, परंतु जोडाक्षर आले की वेलांटी चुकीच्या जागी जाते आणि रफारही घसरतो. याहून बारीक चूक ‘र’च्या दोन रूपांत होते. सातपुड्याच्या ‘दऱ्या’ रूपांतरानंतर ‘दर्या’ झाल्या होत्या, म्हणजे डोंगरातल्या खोऱ्यांचा समुद्र झाला होता. मला हे घरी दोनदा वाचूनही दिसले नव्हते. पुतण्याने रूपांतरित मजकुरातील प्रत्येक ‘र्य’ शोधून वेगळा तपासला आणि अशा अकरा जागा दुरुस्त केल्या. नियतकालिकाला उदाहरणांचे रोमन लिप्यंतरही हवे होते; त्यासाठी मुंबईच्या आयआयटीने मोफत उपलब्ध केलेला शोभिका हा फॉन्ट वापरला, कारण त्यात देवनागरी आणि खाली-वर चिन्हे असलेली रोमन अक्षरे एकाच वळणाची मिळतात. आयएसओ १५९१९ या २००१ च्या लिप्यंतर मानकाचा तक्ता मात्र मलाच न्यावा लागला. केंद्रात तो नव्हता आणि लिप्यंतराची सवयही नव्हती, त्यामुळे ‘ळ’ आणि ‘ल’ यांच्या रोमन अक्षरांत चुका राहिल्या. हे काम येथे देऊ नये, स्वतः करावे.

संदर्भसूचीच्या बाबतीतही माझी तक्रार आहे. खान्देशीचे वर्गीकरण भिल्ल भाषांबरोबर करणारा भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा नववा खंड, तिसरा भाग, १९०७ साली प्रसिद्ध झाला. अहिराणीवर लिहिणाऱ्या कोणालाही त्याचा संदर्भ टाळता येत नाही. त्याच्या संपादकांचे नाव माझ्या निबंधात ग्रिअर्सन, ग्रियर्सन आणि ग्रिअरसन अशा तीन तऱ्हांनी छापले गेले होते, आणि हस्तलिखितात तो घोळ नव्हता. खंडाचा आणि भागाचा क्रमांकही एकत्र होऊन ‘खंड ९३’ असा झाला होता. सूचीचा अकारविल्हे क्रम संगणकाकडून लावल्यामुळे क्षीरसागर हे आडनाव ‘क’मध्ये गेले, कारण संगणकाला ‘क्ष’ हे ‘क’ आणि ‘ष’ यांचे जोडाक्षर दिसते. नियतकालिकाला ते वर्णमालेच्या शेवटी हवे होते. निबंधाच्या मांडणीत सूची हा शेवटचा भाग असल्यामुळे तेथे पोहोचेपर्यंत दोघेही थकलेले असावेत, असे वाटते. सूचीसाठी ३०० रुपये वेगळे घेतले जातात, आणि त्या ३०० रुपयांचे काम मला समाधानकारक वाटले नाही.

दुसरी चूक अधिक महागात पडली असती. नियतकालिकात निबंध तज्ज्ञांकडे लेखकाच्या नावाशिवाय जातो. निबंधावरचे नाव केंद्राने काढले, परंतु फाईलच्या गुणधर्मांत ते तसेच राहिले, आणि एका तळटीपेत ‘माझ्या प्रबंधात’ असे शब्द होते ते मीही पाहिले नाहीत. संपादकांनी फाईल परत पाठवून दुरुस्ती मागितली. काकांना कळवल्यावर त्यांनी त्याच दिवशी दोन्ही जागा सुधारून दिल्या, पैसे घेतले नाहीत आणि पुढे असे होऊ नये म्हणून तपासणीच्या कागदावर तो मुद्दा वाढवला.

साधर्म्य-तपासणीचा, म्हणजे निबंधातील किती मजकूर आधी छापलेल्या लिखाणाशी जुळतो याचा, अहवाल केंद्र देत नाही; तो मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून काढला. त्यात पहिल्यांदा १८ टक्के साधर्म्य दिसले तेव्हा मी घाबरले होते, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचेच साधर्म्य किरकोळ मानले आहे. काकांनी अहवाल शांतपणे वाचला आणि दाखवून दिले की रंगवलेला बहुतेक भाग गाण्यांचा आहे, जी इतर संग्रहांतही छापलेली आहेत, आणि संदर्भासह उद्धृत केलेला मजकूर या मोजणीतून वगळायचा असतो. गाण्यांना अवतरणचिन्हे आणि प्रत्येकी संदर्भ नीट दिल्यावर आणि अवतरणे वगळून तपासणी केल्यावर आकडा ६ टक्क्यांवर आला. लोकगीतांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना हे कोणी सांगत नाही आणि ते भीतीने गाणीच कमी करतात, याची मला खंत आहे.

नियतकालिक कोणते निवडावे, हे केंद्र सांगत नाही, आणि ही त्यांची जमेची बाजू आहे. पैसे भरा, आठ दिवसांत निबंध छापून देतो, अशी हमी देणारे मध्यस्थ मला फोनवर भेटले आहेत. आयोगाची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०१९ मध्ये आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद झाल्याचे जाहीर झाले. आता नियतकालिकाची पारख लेखकाने आणि संस्थेनेच करायची आहे. काका विचारणाऱ्याला एवढेच सांगतात की आयएसएसएन हा केवळ ओळखक्रमांक आहे, त्यावरून दर्जा कळत नाही, आणि निबंध पाठवण्यापूर्वी त्या नियतकालिकाचे मागचे चार अंक वाचून पाहावेत. शोधनिबंध लिहून देण्याची विनंती घेऊन आलेल्या एका विद्यार्थ्याला त्यांनी माझ्यासमोर परत पाठवले, मात्र त्याने स्वतः लिहून आणल्यास तपासून देण्याचे कबूल केले.

दर टंकलेखनासाठी पानाला ४० रुपये आणि मुद्रितशोधनासाठी २५ रुपये आहे. माझ्या बावीस पानांचे १४३० आणि सूचीचे ३०० मिळून १७३० रुपये झाले. शहरातील इतर ठिकाणांपेक्षा हे जास्त आहे. मजकूर प्रमाण मराठीत असेल तर इतके पैसे देण्याची गरज नाही. सहा दिवसांचे काम अकरा दिवसांनी मिळाले, आणि विद्यापीठाच्या परीक्षांच्या काळात याहून अधिक वेळ लागतो असे काकांनीच सांगितले, तेव्हा मुदत जवळ असणाऱ्यांनी आधी फोन करून विचारावे. नियमावलीची छापील प्रत बरोबर न्यावी. बोलीतील मजकूर असल्यास निदान पहिल्या दिवशी स्वतः तेथे बसावे. शब्दयादी फोनवरून होत नाही.

काम संपल्यावर पुतण्याने माझी शब्दयादी परत देताना तिची एक प्रत ठेवून घेण्याची परवानगी मागितली. लेवा गणबोलीवर लिहिणारी यावलची एक विद्यार्थिनी पुढच्या आठवड्यात येणार होती आणि दोन याद्या शेजारी ठेवून पाहायची त्याची इच्छा होती. मी होकार दिला आणि राहून गेलेले सात शब्द तेथेच बसून यादीच्या शेवटी लिहिले.