हायब्रिड सायकल आणि सहा इंची ई-रीडर: उन्हाळाभर वापरल्यावर

हायब्रिड म्हणजे रस्त्याच्या आणि डोंगरी सायकलीचा मिलाफ, आणि ई-रीडर म्हणजे पुस्तकं वाचायचं पडद्याचं यंत्र. दोन्ही वस्तू उन्हाळ्याच्या तोंडावर घेतल्या होत्या, आता ऋतू उलटलाय. ब्रँडची नावं लिहीत नाही. खालचं बरंचसं या जातीच्या कुठल्याही सायकलीला आणि रीडरला लागू पडेल.

माझा वापर असा: ऊन चढायच्या आत बाहेर पडायचं, सावली बघून थांबायचं, कादंबरीची दोन-तीन प्रकरणं वाचायची आणि परतायचं. दुपार घरात, तीही कादंबरीतच. त्यामुळे वेगाला मी फारसे गुण देणार नाही. सायकल घेऊन कुठेही थांबता येतं का, हे मला जास्त महत्त्वाचं.

त्या दृष्टीने हायब्रिड योग्यच ठरली. हँडल सरळ असल्याने मान वर राहते आणि रस्त्याकडेची झाडं दिसतात. ७००×३५ मापाचे (म्हणजे ३५ मिलिमीटर रुंद) टायर डांबरावर जड वाटत नाहीत आणि कच्च्या वाटेवर घाबरवत नाहीत. पुढे सस्पेन्शन नसलेलं मॉडेल निवडलं, त्याची उणीव एकदाही जाणवली नाही. वजन वाचलं ते वेगळंच.

पण घेण्याआधी एक गोष्ट तपासाच. अशा अनेक सायकलींना स्टँड, कॅरियर, मडगार्ड यातलं काहीच येत नाही. ते नंतर बसवता येतात, पण त्यासाठी फ्रेमला मागे स्क्रूची भोकं हवीत. गिअर किती आहेत हे सगळे विचारतात, ही भोकं कुणी बघत नाही. माझ्या फ्रेमला ती होती, म्हणून कॅरियर आणि बाजूची पिशवी लावता आली. पुस्तक, पाण्याची बाटली, पंप सगळं तिच्यात जातं. पाठीवर सॅक घेऊन उन्हात सायकल चालवली की पाठ भिजते, आणि सॅकमधल्या पुस्तकालाही घाम लागतो.

सोबत आलेली सीट मात्र बदलावी लागली. दुकानात दाबून बघताना गुबगुबीत सीट फार आवडते. तासाभरानंतर तीच छळते, कारण बसायची हाडं तिच्यात रुततात आणि भार मऊ भागावर येतो. थोडी कडक, बैठकीच्या मापाची सीट लावल्यावर फरक पडला. उंची ठरवायची साधी पद्धत: टाच पेडलवर ठेवून पेडल खाली न्यायचं, पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवलं की गुडघा जरासा वाकलेला राहतो.

उन्हाळ्यात हवा कमी भरा, नाहीतर टायर फुटेल, असं बरेच जण सांगतात. हिशेब करून बघा. २० अंशांना ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा भरली आणि टायर ४० अंशांपर्यंत तापला, तर दाब साधारण ६५ होतो, बस. टायरच्या कडेला छापलेल्या कमाल मर्यादेपेक्षा तो कमीच असेल तर काळजीचं कारण नाही. उलट ट्यूबमधून हवा हळूहळू कमी होतच असते. ती फार उतरली की खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. आठवड्यातून एकदा पंप लावणं जास्त उपयोगाचं.

आता रीडर. उन्हात तो खरोखर खुलतो. ई-इंकच्या पडद्याला फोनसारखा मागून उजेड लागत नाही, बाहेरचाच प्रकाश परावर्तित होतो. म्हणून ऊन जितकं लख्ख तितकी अक्षरं ठळक. आणखी एक फायदा आधी डोक्यातच नव्हता: पोलराइज्ड (चमक कापणारा) गॉगल घालूनही पान नीट दिसतं. त्याच गॉगलमधून फोन आडवा-उभा फिरवला तर काही कोनांत तो काळा पडू शकतो.

उष्णता मात्र त्याला सोसत नाही. अशा रीडरांना चालवायची मर्यादा ३५ अंशांच्या आसपास दिलेली असते, आणि काळं आवरण थेट उन्हात भराभर तापतं. लिथियम बॅटरी तापत राहिली की लवकर म्हातारी होते. म्हणून वाचून झालं की पिशवीत, पिशवी सावलीत, आणि चार्जिंग रात्री.

मराठी वाचकांसाठी खास: ईपब (ई-पुस्तकांचा एक प्रकार) फाइल असेल तर आनंद आहे, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. स्कॅन केलेली पीडीएफ सहा इंचांवर वाचणं ही शिक्षा आहे. जोडाक्षरं नीट दिसतात का, हे विकत घेण्याआधी एखादं मराठी पान उघडून बघा.

मागे जाऊन शोधण्यात रीडर कागदापुढे हरतो. तीन पिढ्यांच्या कादंबरीत हा कोणाचा चुलता, हे बघायला बोट घालून पानं उलटण्याची सोय त्यात नाही. अशी जाडजूड पुस्तकं मी दुपारसाठी घरी ठेवली, कागदावर. कागदी पुस्तकाचंही उन्हाशी जमत नाहीच: पाठीला नुसता डिंक लावलेल्या बांधणीत तो बहुधा गरम करून लावलेला असतो आणि पुन्हा तापला की मऊ पडतो. पिशवीत तापलेल्या एका कादंबरीची मधली पानं सुटून हातात आली.

चालवताना कानात कादंबरी लावून ऐकणं मला पटलं नाही. मागून येणारी गाडी ऐकू यायला हवी.

सायकलीवर नेण्यासाठी छोट्या प्रकरणांच्या, संथ कादंबऱ्या उत्तम; कुठेही मिटता येतात. रहस्यकथा नेऊ नका. खुनी कोण हे कळेपर्यंत उठवत नाही, आणि मग परतीची सगळी चढण डोक्यावर ऊन घेऊन चढावी लागते.