आठ महिने राउटर वापरून: ५० ॲड्रेस, दोन बॅच आणि “काका, नेट लागंना”

सोलापुरात सात रस्त्याजवळ आमची छोटी अभ्यासिका आहे, सकाळची ३० पोरं, दुपारनंतरची ३०, बहुतेक एमपीएससीवाली. कनेक्शनसोबत मिळालेला ड्युअल बँड राउटर आठ महिने झाले वापरतोय.

पहिले दोन महिने नुसता वैताग. सकाळची बॅच मजेत, पण दुपारी ३ वाजले की सुरू, “काका, नेट लागंना”. फोनवर ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’ एवढंच येऊन थांबायचं. ज्याचं लागलंय त्याचं मात्र झकास चालू. कस्टमर केअरला फोन केला की रिस्टार्ट करा, नाहीतर मोठा प्लॅन घ्या. रिस्टार्ट केलं की चालायचं पण, म्हणून मी रोज तेच करत बसलो, आणि खरा घोळ त्यामुळंच लपून राहिला.

एका रविवारी सेटिंग उघडून बसलो. जोडलेले डिव्हाइस २६ आणि डीएचसीपीची, म्हणजे राउटर जोडणाऱ्या प्रत्येकाला जो आयपी ॲड्रेस (नेटवर्कमधला नंबर) वाटतो त्याची, यादी फुल्ल! राउटर १९२.१६८.१.१०० ते १४९ एवढेच म्हणजे ५० ॲड्रेस वाटत होता आणि लीज टाइम, म्हणजे एकदा दिलेला ॲड्रेस त्याच डिव्हाइसच्या नावावर ठेवायची मुदत, २४ तास. गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यातून माणूस उतरून भजी खायला गेलाय पण खुर्ची उद्यापर्यंत त्याच्याच नावावर, तसं. सकाळची पोरं घरी जाऊन जेवून झोपली तरी त्यांचे ॲड्रेस अडकलेलेच. रिस्टार्टला माझ्या राउटरची ती यादी पुसली जायची, म्हणून तेवढ्यापुरतं चालायचं.

त्यात मीच शहाणपणा करून २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या वायफायच्या दोन बँडला वेगळी नावं दिलेली. अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक वायफाय नावाला आपला वेगळा बनावट मॅक ॲड्रेस (डिव्हाइसची ओळख) दाखवतो, त्यामुळं एकच पोरगं या नावावरून त्या नावावर गेलं की राउटरला वाटतं दुसराच कोणीतरी आला, घे अजून एक ॲड्रेस. हे कळायला मला दोन महिने लागले ओ.

मग ॲड्रेसची रेंज २० ते २५० केली, लीज २ तास, दोन्ही बँडला एकच नाव. प्रिंटर आणि कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला (रेकॉर्डिंगच्या डब्याला) २० च्या खालचे ॲड्रेस फिक्स करून टाकले. दुपारची बोंब त्याच दिवशी बंद.

पण परीक्षा जवळ आली, गर्दी वाढली आणि परत काही फोन जोडंनात, या वेळी यादीत ॲड्रेस भरपूर शिल्लक. वायरलेसच्या ॲडव्हान्स पानावर २.४ ला जास्तीत जास्त ३२ क्लायंट (एका वेळी जोडलेली डिव्हाइस) असं लिहिलेलं, ती वेगळीच मर्यादा. ६४ केलं, जोडले सगळे, पण स्पीड रडायला लागला, कारण एका चॅनेलवर सगळ्यांना आळीपाळीनंच बोलायचं असतं. शेवटी घरातला जुना राउटर केबल ओढून मागच्या खोलीत ॲक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय पसरवणारा) म्हणून लावला, एक चॅनेल १ वर, दुसरा ११ वर. जुन्याचा डीएचसीपी बंद करायचा विसरलो होतो, अर्धा दिवस दोघंही ॲड्रेस वाटत बसले, निम्म्या पोरांना नेट, निम्म्यांना नुसत्याच वायफायच्या कांड्या.

५ पैकी साडेतीन स्टार. वायफायची रेंज चांगली आहे, उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीतही बंद पडला नाही. दीड कापला कारण लीज टाइम मोबाइल ॲपमध्ये दिसतच नाही, ब्राउझरमधून आत शिरावं लागतं, आणि ५० ची रेंज देऊन “भरपूर डिव्हाइस चालतात” असं कनेक्शनवाले बिनधास्त सांगून गेले.