‘येवल्याच्या मागावरची’ म्हणून विकलेली पॉवरलूमची पैठणी: फसवणूक कशी होते आणि कुठे पकडता येते

साडी दिसायला देखणी होती, हे आधी सांगायला हवं. राघू रंग, लाल काठ, पदरावर बांगडी मोर, अंगभर बुट्टे. सोशल मीडियावरच्या लाइव्हमध्ये ‘येवल्याच्या विणकराकडून थेट तुमच्या घरी, प्युअर सिल्क, हँडलूम’ असं सांगून ती 16,800 रुपयांना विकली गेली. मुलीच्या लग्नासाठी घेणाऱ्या कुटुंबाने स्क्रीनशॉट पाठवून साडी बुक केली, यूपीआयने पूर्ण पैसे आधी भरले. आठवड्याभरात पार्सल आलं. आत साडी, एक चकचकीत कार्ड आणि त्यावर सोनेरी अक्षरांत ‘ओरिजिनल पैठणी’.

उलगडा झाला तो फॉल-पिकोच्या दुकानात. पदराच्या मागे बारीक जाळीचं कापड शिवलेलं होतं, ‘जरी अडकू नये म्हणून’. पदराच्या कडेला पिको करताना ती जाळी एका कोपऱ्यात उसवावी लागली आणि आतून मोकळ्या धाग्यांची झुलपी दिसली. प्रत्येक मोराच्या मागे कापलेल्या धाग्यांची दाढी, आणि एका नक्षीपासून दुसऱ्या नक्षीपर्यंत आडवे पळणारे सुटे धागे. शिवणाऱ्या बाई म्हणाल्या, “ताई, ही मशीनची आहे.” विक्रेत्याला फोन केला तर पहिला प्रश्न आला, “पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आहे का?” दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक. तशीच साडी, त्याच रंगात, घाऊक विक्रीच्या यादीत ‘सेमी पैठणी’, म्हणजे मशीनवरची नक्कल, म्हणून अडीच हजारांच्या आसपास होती.

या व्यवहारात नवल वाटावं असं काहीच नाही. असे सौदे रोज होतात, आणि बहुतेक ठिकाणी जाळी कधी उसवलीच जात नाही. म्हणून पदराच्या मागे नेमकं काय बघायचं, हे साडी घेणाऱ्या प्रत्येक घराला माहीत हवं.

पैठणीचा पदर आणि काठ हातमागावर विणताना नक्षीचा प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या कांडीवर असतो. मोराची मान हिरवी, पिसारा निळा, डोळा लाल असेल तर विणकर तेवढ्याच जागेत तो धागा फिरवतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतो आणि परत आणतो. धागा नक्षीची हद्द ओलांडून पुढे जात नाही. म्हणूनच अशा पदराची उलटी बाजू जवळजवळ सुलट्या बाजूइतकीच स्वच्छ असते. कुठे बारीक गाठ किंवा धाग्याचं टोक दिसेल, पण मोर मागूनही मोरच दिसतो. पॉवरलूमवर जॅकार्डने, म्हणजे नक्षीसाठी धागे आपोआप उचलणाऱ्या यंत्रणेने, तीच नक्षी काढली की रंगाचा धागा साडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. नक्षीच्या जागी तो वर येतो, बाकी ठिकाणी मागे लोंबत राहतो. मग तो लोंबता धागा कापतात आणि वरून जाळी शिवतात. जाळी दिसली की साडी खोटीच असं नाही, पण ती उसवून दाखवायला जो विक्रेता नकार देतो, त्याच्याकडून पैठणी घेऊ नये. चार टाके उसवून परत घालायला पाच मिनिटं लागतात.

एक बारकावा इथे लक्षात ठेवायला हवा. येवल्यातही हातमागावर जॅकार्ड बसवून ब्रोकेड पैठण्या विणल्या जातात आणि त्यांच्या मागे धागे दिसू शकतात. म्हणून अंगावरच्या बुट्ट्यांवरून निकाल लावू नका. पदर आणि काठ बघा, आणि विकणारा तिला काय म्हणून विकतोय ते बघा. ब्रोकेडला ब्रोकेड म्हणून, त्या किमतीत विकलं तर त्यात फसवणूक नाही.

दुसरी खूण म्हणजे एकसारखेपणा. हाताने विणलेल्या दोन मुनिया, म्हणजे काठावरचे छोटे पोपट, शेजारी ठेवल्या तर एकीची चोच दुसरीपेक्षा किंचित जाड निघते, एका मोराचा डोळा अर्धा धागा वर सरकलेला असतो. डावा आणि उजवा काठ एकमेकांशी तंतोतंत जुळत नाही. मशीनच्या साडीत पहिला मोर आणि शेवटचा मोर यांच्यात फरक काढताच येत नाही. काठाजवळ टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं असतात, ती मागावर कापड ताणून धरणाऱ्या काठीची. ही खूण बऱ्याच जणांना माहीत असते, पण नुसत्या तिच्यावर विसंबू नये. पॉवरलूमच्या काठावरही तशा खुणा उमटू शकतात.

आता सगळ्यात फसवा भाग, तो म्हणजे ‘प्युअर सिल्क’. साडीचं रेशीम खरं असूनही तुमची फसवणूक झालेली असू शकते. बेंगळुरू आणि सुरतेकडून पॉवरलूमवरच्या पैठणीच्या नकला येतात. त्यातल्या काहींत रेशीम अगदी शुद्ध असतं. विक्रेता तुमच्यासमोर धागा जाळून दाखवतो, केस जळल्याचा वास येतो, राख चुरगळते आणि घेणाऱ्याची खात्री पटते. पण त्या धाग्याने एवढंच सिद्ध झालं की रेशीम आहे. साडी हाताने विणली की मशीनने, याबद्दल जळलेला धागा काहीच सांगत नाही. आणि पैठणीची किंमत मुख्यतः हाताच्या विणकामाची असते.

लेबलांच्या बाबतीतही हीच गल्लत मुद्दाम केली जाते. सिल्क मार्क 2004 मध्ये सुरू झाला, तो फक्त रेशीम अस्सल असल्याचं सांगतो. हँडलूम मार्क 2006 चा, तो हातमागावर विणल्याचं सांगतो. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, ते ठरलेल्या भागात ठरलेल्या पद्धतीने विणल्याचं सांगतं, आणि ते वापरण्यासाठी विणकराची किंवा संस्थेची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. लाइव्हमध्ये सिल्क मार्कचं लेबल कॅमेऱ्यासमोर धरून ‘बघा, सरकारी हँडलूमचं सर्टिफिकेट’ असं म्हटलं जातं. किंवा मानांकनाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स दाखवतात, जी दुसऱ्याच कुणाच्या नावाची असते. नाव वाचा, लेबल खऱ्या साडीला शिवलेलं किंवा अडकवलेलं आहे का बघा, त्यावरचा क्रमांक लिहून घ्या. सुटं कार्ड कुठल्याही छापखान्यात छापून मिळतं.

धागा जाळून बघायचाच असेल तर नीट बघा. ताणा आणि बाणा, म्हणजे उभा आणि आडवा धागा, दोन्ही वेगवेगळे काढा. कारण ताणा रेशमाचा आणि बाणा पॉलिएस्टरचा, अशी साडी सर्रास मिळते आणि दाखवणारा नेमका ताणाच जाळून दाखवतो. ब्लाउजपीसच्या सुट्या टोकातून प्रत्येकी चार-पाच धागे ओढा, पिळून एकत्र करा, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा. रेशीम कुरकुरत आखडतं, ज्योत बाजूला नेली की बहुधा आपोआप विझतं, वास जळक्या केसांचा, राख बोटांत भुकटी होते. पॉलिएस्टर वितळतं, काळा धूर येतो आणि थंड झाल्यावर टणक मणी उरतो. व्हिस्कोस कागदासारखं भुर्रकन जळतं, मऊ करडी राख पडते. ‘आर्ट सिल्क’ असं बिलावर लिहिलेलं असेल तर ते कृत्रिम रेशीम आहे, जाळायचीही गरज नाही.

जरीचा धागा वेगळा तपासा. पूर्वीच्या पैठणीत चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असे. आता बाजारात टेस्टेड किंवा हाफ-फाइन जरी मोठ्या प्रमाणात चालते, तिच्यात तांब्यावर चांदीचा थर असतो. त्याखाली प्लास्टिकची जरी, म्हणजे पॉलिएस्टरवर धातूचा मुलामा. एक धागा नखाने खरवडा. आत लालसर तांबं दिसलं तर टेस्टेड, चकाकी पापुद्र्यासारखी निघाली आणि धागा ज्योतीजवळ आक्रसून वितळला तर प्लास्टिक. टेस्टेड जरीची पैठणी घेण्यात काही गैर नाही, फक्त ‘चांदीची जरी’ म्हणून तिचे पैसे द्यायचे नाहीत.

किमतीचा हिशोब प्रत्येकाने स्वतः करून बघावा. भरगच्च पदर विणताना दिवसाला इंच-दोन इंचच काम पुढे सरकतं. 28 इंची पदर धरला तर नुसत्या पदराला दोन ते चार आठवडे लागतात. त्यात साडीचं बाकी अंग, दोन काठ, शिवाय रेशीम आणि जरी. साधी, कमी नक्षीची पैठणी महिन्याभरात होईल, भरजरीला कित्येक महिने जातात. मग ‘हातमागाची, 40 इंची पदर, सर्व रंगांत उपलब्ध, फक्त 4,999’ ही जाहिरात खरी असेल तर विणकराला रोजचे किती रुपये मिळाले? उत्तर शंभर रुपयांच्याही खाली येत असेल तर ती साडी हातमागाची नाही. आणि जिथे एकाच नक्षीच्या पन्नास साड्या एकाच रंगात गठ्ठ्याने दिसतात, तिथे दुसरा पुरावा शोधायची गरज नाही.

पण उलटं गणित चालत नाही. किंमत जास्त म्हणून साडी खरी, हा समज फसवणाऱ्यांच्या पथ्यावर पडतो. पाच हजारांच्या ‘ऑफर’ला लोक आता बिचकतात, म्हणून तीच साडी 16-18 हजारांना विकली जाते. वरच्या व्यवहारात तेच झालं.

मागणी एवढी का वाढली, हे उघड आहे. पैठणी कधीकाळी मोजक्या घरांत असायची. ‘होम मिनिस्टर’ 2004 मध्ये सुरू झाला आणि पैठणी हे घराघरांतलं बक्षीस झालं. आता मालिकेतल्या लग्नात नायिका जी नेसते, तिची नक्कल थोड्याच दिवसांत बाजारात येते. डोहाळजेवण, मंगळागौर, पाडव्याची शोभायात्रा, सगळीकडे पैठणी हवी असते. ही हौस मला मनापासून आवडते. सेमी पैठणी ही वाईट साडीही नव्हे. दोन-तीन हजारांत हौस भागते, धुवायला सोपी, प्रवासात नेसता येते. तिला सेमी म्हणून विकणाऱ्या दुकानदाराला माझा नमस्कार. राग आहे तो खोटं सांगण्याचा, कारण त्या 16,800 मध्ये गिऱ्हाईक लुटलं जातं आणि मागावर बसणाऱ्या माणसाचं कामही जातं. ‘तिकडे यापेक्षा स्वस्त मिळते’ हे वाक्य येवल्यातल्या विणकराला रोज ऐकावं लागतं.

येवल्याला प्रत्यक्ष जाऊन घेतली की प्रश्न मिटला, असंही नाही. शिर्डीला जाता-येता गाडीचा ड्रायव्हर सांगेल त्याच दुकानात उतरलात तर त्याचं कमिशन साडीच्या किमतीतच असतं. दर्शनी भागात माग मांडलेला असतो, विणकर काम करताना दिसतो, आणि मागच्या कपाटातून काढलेली साडी मात्र त्या मागाची असेलच असं नाही. मागावर चढलेल्या साडीचीच नक्षी विचारा, तिची किंमत विचारा, मग कपाटातल्या साडीशी ताडून बघा. दोन-तीन दुकानं फिरल्याशिवाय पैसे काढू नका.

ऑनलाइन घ्यायची असेल तर लाइव्हमध्ये नव्हे, वेगळ्या व्हिडिओ कॉलवर बघा. पदर उलटा करायला सांगा, जाळी असेल तर कोपरा उसवायला सांगा. कॅमेरा एका मोरावर अर्ध्या फुटावरून स्थिर धरायला लावा, नंतर तोच मोर मागून. काठ आणि अंग जिथे जुळतात ती जागा मागून दाखवायला सांगा. हे सगळं करताना कॉल रेकॉर्ड करा. मग एकच मागणी ठेवा: बिलावर ‘शुद्ध रेशीम, हातमागावर विणलेली पैठणी’ आणि जरीचा प्रकार, एवढं लिहून द्या. ‘आमच्याकडे तसं लिहीत नाहीत, बिलावर फक्त साडी असंच येतं’ हे उत्तर आलं की तिथेच थांबा. तोंडाने पन्नास वेळा हँडलूम म्हणणारा माणूस कागदावर का लिहीत नाही, याचं कारण त्याला पक्कं माहीत असतं.

फसल्यावर काय करायचं, तेही सांगते. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे बिलावर छापल्याने विक्रेता सुटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिलेली नसेल तर 30 दिवस धरले जातात. सांगितलेल्या दर्जाचा माल नसणं हाही दोषच. बिल न देणं ही वेगळी अनुचित प्रथा. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ असेल तर काम सोपं होतं, पण तो नाही म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही. आधी विक्रेत्याला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, तुमच्या राहत्या जिल्ह्यातलाच. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत 2 वर्षं. पैसे घेऊन साडी पाठवलीच नाही किंवा खातंच बनावट निघालं तर तो सायबर गुन्हा. तिथे 1930 वर लगेच फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच हाती लागतात.

तोवर साडी नेसू नका, ड्रायक्लीनिंगला देऊ नका, फॉल लावायचा राहिला असेल तर तसाच राहू द्या. लाइव्हचा व्हिडिओ विक्रेता काढून टाकायच्या आत स्क्रीन रेकॉर्ड करून घ्या, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि चॅट जपून ठेवा. कुरिअरच्या पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता कापून ठेवा, आणि पदरामागून काढलेली ती जाळीसुद्धा.