मायक्रोटोनल कंपोझिशन शिकायला नेदरलँड्समध्ये: वर्षभरानंतरचा अनुभव, आणि स्कूल निवडताना काय बघायचं

आधीच सांगते, स्कूलचं नाव लिहिणार नाहीये. खाली तक्रारी पण आहेत आणि मला अजून एक वर्ष तिथंच काढायचंय. नेदरलँड्समधलं कॉन्झर्वेटरी म्हणजे संगीताचं कॉलेज, कंपोझिशनचं मास्टर्स, एवढं पुरे. मायक्रोटोनल म्हणजे पेटीतल्या बारा सुरांच्या मधल्या सूक्ष्म सुरांत लिहिणं. मी पुण्याची, लहानपणापासून पेटी, मग साउंड इंजिनिअरिंग, आणि पेटीतल्या गंधारामुळेच हे खूळ डोक्यात शिरलं. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो सा पासून ३८६ सेंटवर असतो आणि आजच्या पेटीतला ४०० वर, सेंट म्हणजे अख्ख्या सप्तकाचे १२०० सारखे भाग, तर हा चौदा सेंटचा फरक एकदा कानाला कळला की नंतर पेटी वाजवताना तो टोचतच राहतो, त्यावर इलाज नाही.

निवडताना बॉस्टन यादीत होतं. न्यू इंग्लंड कॉन्झर्वेटरीत ‘जो मानेरी’ नावाच्या संगीतकाराने सप्तकाचे ७२ भाग करून ते गाऊन घ्यायचा कोर्स वर्षानुवर्षं चालवला, आणि त्याच शहरात बर्कलीमध्ये डेव्हिड फ्युझिन्स्कीचं प्लॅनेट मायक्रोजॅम हे मायक्रोटोनल केंद्र, जॅझ आणि ग्रूव्हवाल्यांसाठी एकदम योग्य. पण अमेरिकेतली फी बघितली आणि टॅब बंद केला. स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये जुन्या युरोपियन संगीताच्या बाजूने हे काम चालतं, निकोला विचेंतिनो नावाच्या माणसाने १५५५ मध्ये ज्या वाद्यांबद्दल लिहून ठेवलं तसली, एका सप्तकात तीसहून जास्त पट्ट्या असलेली वाद्यं त्यांनी पुन्हा बांधून घेतलीयत. ऐकायला वेड लागतं, पण मला रेनेसान्सचा अभ्यास करायचा नव्हता.

इस्तंबूल मात्र मी फार सीरियसली घेतलं होतं. तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत टर्किश संगीताचं, १९७५ मध्ये स्थापन झालेलं कॉन्झर्वेटरी आहे, म्हणजे सूक्ष्म सूर हा तिथं प्रयोग नाही, रोजचा रियाज आहे. कानून नावाचं वाद्य बघा कधी, प्रत्येक सुराच्या तारांशेजारी छोटे छोटे धातूचे खटके, त्यांना मांडाल म्हणतात, वाजवता वाजवता डाव्या हाताने खटका उचलला की सूर किंचित चढतो. तोल्गाहान चोउलू पण याच युनिव्हर्सिटीतला, त्याच्या गिटारचे पडदे प्रत्येक तारेखाली वेगवेगळे सरकवता येतात. ज्यांना चाल, आलाप, एका सुराभोवती फिरणं यात काम करायचंय त्यांनी डोळे झाकून इस्तंबूलचा विचार करावा असं मी आजही म्हणेन. मला कॉर्ड लिहायचे होते, चार सूर एकत्र उभे राहिल्यावर काय होतं ते ऐकायचं होतं, म्हणून नाही गेले.

मग नेदरलँड्स. इथं या गोष्टीला मूळ आहे. क्रिस्टियान हायगेन्स, तोच लंबकाच्या घड्याळवाला, त्याने १६९१ मध्ये सप्तकाच्या ३१ सारख्या भागांबद्दल लिहिलं, आणि विसाव्या शतकात आड्रियान फोकर नावाच्या फिजिक्सच्या प्रोफेसरने ते वाचून खरोखरचा ३१ सुरांचा पाइप ऑर्गन बांधून घेतला. तो १९५० चा, आधी हार्लेममध्ये टेलर्स म्युझियममध्ये होता, आता आम्स्टरडॅमला मुझीकखेबाऊ या कॉन्सर्ट हॉलमध्ये आहे. हायगेन्स-फोकर नावाची संस्था तिथं त्यावर कॉन्सर्ट करते, वेगवेगळी सप्तकं बनवायचं स्काला हे सॉफ्टवेअर सुद्धा याच मंडळींमधून आलं. ऑर्गन कॉम्प्युटरवरून पण चालवता येतो, म्हणजे वाजवणारा मिळाला नाही तरी तुमची नोटेशन फाइल त्याला वाजवायला लावता येते.

आता मुद्द्याचं. मायक्रोटोनल हा शब्द आजकाल कुठल्याही कंपोझिशन डिपार्टमेंटच्या पेजवर असतो. मी पण तो वाचूनच अर्ज केला. आल्यावर कळलं की ज्या इलेक्टिव्हसाठी आले होते ते पहिल्या सेमिस्टरला पुरेशी मुलं नाहीत म्हणून रद्द, दुसऱ्या सेमिस्टरला चाललं पण निम्म्या तासांचं. याबद्दल ऑफिसला तीन-चार मेल लिहिले, उत्तरं अत्यंत गोड आणि अत्यंत निरुपयोगी. डच लोक स्पष्ट बोलतात म्हणे, मेलमध्ये नाही बोलत.

पण वर्ष वाया गेलं का, तर अजिबात नाही, आणि ते का नाही गेलं हेच निवडणाऱ्यांना सांगायचंय. शिकवणारा सर नावाजलेला आहे का, सिलॅबसमध्ये काय लिहिलंय, या गोष्टी दुय्यम आहेत. तुम्ही लिहिलेला सूर त्याच जागी लावून दाखवणारी माणसं आणि वाद्यं त्या बिल्डिंगमध्ये आहेत का, एवढंच बघायचं. लिहिणारे सगळीकडे आहेत हो, वाजवणारे नाहीत. आणि जोपर्यंत कुणी वाजवत नाही तोपर्यंत तुम्ही फक्त कॉम्प्युटरचा प्लेबॅक ऐकून खूश होत बसता.

एक उदाहरण देते. ऑक्टोबरमध्ये क्लॅरिनेटसाठी छोटा पीस लिहिला होता, बाणवाल्या खुणा टाकून, थोडा चढा थोडा उतरा असं. वाजवायला आली ती मुलगी माझ्याहून लहान, तिने पान बघितलं आणि पहिलाच प्रश्न, हा बाण म्हणजे किती सेंट? मी म्हटलं साधारण तीस. साधारण नको, तिने पिशवीतून स्वतःच्या हाताने केलेला तक्ता काढला, कुठल्या सुराला कुठली बोटं ठेवली की किती उतरतो, सगळं लिहिलेलं. मग एकेक सूर वाजवून दाखवला. हा निघतो पण आवाज दबका येतो, हा निघतो पण पटकन जाता येत नाही, आणि अगदी खालच्या सुरांना बोटांनी होतच नाही, तिथं ओठाने ओढावं लागतं आणि ते मोठ्या आवाजात टिकत नाही. मी ज्या जागी सगळ्यात नाजूक गंधार लिहिला होता नेमक्या त्या जागी तो निघत नव्हता. अर्ध्या तासात मला जे कळलं ते ऑर्केस्ट्रेशनच्या कुठल्या पुस्तकात मला सापडलं नव्हतं. पीस परत लिहिला, आता मी सूर ठरवायच्या आधी तो कोण वाजवणार आणि कशाने वाजवणार ते विचारते.

असे वाजवणारे या स्कूलमध्ये बऱ्यापैकी आहेत आणि त्यासाठी मी याला मार्क देईन. फ्लूटवाले तर इथं लाडावलेलेच, कारण क्वार्टरटोन, म्हणजे पेटीतल्या दोन लगतच्या सुरांच्या मधोमधचे सूर, वाजवता येतील अशी जास्तीच्या चाव्यांची फ्लूट बनवणारी एव्हा किंग्मा डचच आहे.

आता कानांबद्दल, आणि हे खास आपल्याकडून येणाऱ्यांसाठी. मला आतून असा माज होता की आपण बावीस श्रुतीवाले, सप्तकात बावीस सूक्ष्म सूर मानणारे, आपल्याला काय शिकवणार. आणि सुरुवातीला तसं झालंही. इअर ट्रेनिंगच्या वर्गात सर खर्ज लावून ठेवतात आणि त्यावर पाचव्या हार्मोनिकचा गंधार गायला सांगतात (हार्मोनिक म्हणजे एकाच सुरात आपोआप वाजणारे, त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे वरचे सूर), बाकीची मुलं पियानोच्या गंधारावरून खाली खाली चाचपडत यायची आणि मला तो बसल्या जागी मिळायचा, तंबोऱ्यासमोर बसलेल्या कुणालाही मिळेल. मग आला सातवा हार्मोनिक. सा पासून ९६९ सेंट, म्हणजे पेटीतल्या कोमल निषादाच्या ३१ सेंट खाली. मला तो सरळ सरळ कणसूर वाटायचा! गळा आपोआप वर जायचा, सर हाताने खाली खाली म्हणून खुणा करायचे आणि वर्ग हसायचा. कारण सोपं आहे, आपल्याकडे श्रुतींची जी गुणोत्तरं सांगतात ती सगळी दोन, तीन आणि पाच या आकड्यांतून येतात, सात त्यात नाहीच. अकरावा तर त्याहून गंमतशीर, ५५१ सेंट, शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम यांच्या बरोब्बर मध्ये लोंबकळतो. या दोन सुरांची सवय व्हायला मला पूर्ण हिवाळा लागला. आता सातवा आवडायला लागलाय, चार जणांनी मिळून तो कॉर्ड अगदी जागेवर धरला की खोलीत गुंजन होतं ना, ते कॉम्प्युटरवर नाही ऐकू येत तसं.

सप्तकाच्या ३१ भागांबद्दल पण एक कुरकुर. त्यातला गंधार फार सुंदर, ३८७, जवळजवळ तंबोऱ्यातलाच, सातव्याच्या पण जवळ जातो. पण पंचम ६९७! शुद्ध पंचम ७०२ वर. पाच सेंट म्हणजे काही नाही असं इथले सगळे म्हणतात, मला विचाराल तर सा-प च्या जोडीत पाच सेंट उतरलेला पंचम म्हणजे चपलेत खडा. कॉर्डमध्ये बुडून जातो हे मान्य, पण नुसता सा-प धरून ठेवला की सहन होत नाही. टर्किश लोक थिअरीत ५३ भाग धरतात त्यात पंचम जवळजवळ शुद्ध येतो, तिथं ते हुशार. आणि कृपा करून कुणी तुम्हाला बावीस श्रुती म्हणजे सप्तकाचे बावीस सारखे भाग असं सांगितलं तर मान हलवू नका, तसे भाग केले तर पंचम ७०९ वर जातो, कुठल्याही गवयाला विचारा चालेल का. माझ्या वर्गातल्या तिघांना असंच वाटत होतं.

याच नादात लायब्ररीत मला क्लेमंट्स या आयसीएस साहेबाचं १९१३ चं पुस्तक सापडलं आणि त्यातून आपल्या सांगलीच्या कृ. ब. देवलांपर्यंत पोचले. देवलांनी १९१० मध्येच बावीस श्रुतींवर इंग्लिशमध्ये पुस्तिका छापली होती, अब्दुल करीम खाँसाहेबांना सोबत घेऊन सूर मोजले होते, श्रुतींची पेटीसुद्धा बनवून घेतली होती आणि त्यावरून भरपूर वादही झाले. फोकरच्या ऑर्गनच्या चाळीस वर्षं आधी. सेमिनारमध्ये यावर बोलले तेव्हा सरांनी देवल हे नाव पहिल्यांदाच ऐकलं, मग दोन आठवड्यांनी तेच मला जयराजभॉय आणि स्टोन यांचा १९६३ चा पेपर घेऊन आले, गायक-वादक प्रत्यक्षात सूर कुठे लावतात ते मोजलेला, आणि त्यात कुठल्याच ठरीव श्रुतींवर कुणी खिळून राहत नाही असं दिसतं. आमचा अर्धा तास वाद झाला, मजा आली. अशी माणसं मिळणं हाही फी चाच भाग धरा.

टेक्निकल बाजू पटकन. डोरिको या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये सप्तकाचे हवे तेवढे सारखे भाग करता येतात आणि प्लेबॅक पण बरोबर येतो, म्यूझस्कोअर हे त्याच प्रकारचं, फुकट आहे पण बरेचदा हाताने सेंट भरत बसावं लागतं. सर्ज एक्सटी हा फुकट सिंथ स्कालाच्या फाइल सरळ घेतो, घरी बसून कान तयार करायला तेवढं पुरतं. शुद्ध सुरांत लिहायचं असेल तर हेल्महोल्ट्झ-एलिस नोटेशन शिकून घ्या, साबात आणि फोन श्वाइनित्स यांनी तयार केलेलं, सुरुवातीला खुणा बघून घाम फुटतो पण वाजवणाऱ्याला सूर कुठून आला ते दिसतं. ल्युमाटोन कीबोर्ड, तो षटकोनी रंगीत पट्ट्यांचा, आमच्याकडे एकच आहे आणि त्याचं बुकिंग म्हणजे तत्काळ तिकीट, सकाळी उघडतं आणि संपतं. वेबसाइटवर फोटो मात्र ठळक आहे त्याचा.

फोकर ऑर्गनबद्दल पण खरं ते सांगते, नेदरलँड्समध्ये शिकता म्हणजे तो रोज हाताशी असतो असं काही नाही. वर्षात मला थोडा वेळ मिळाला त्यावर. वाजवता तर आलाच नाही, रांगांवर रांगा पट्ट्यांच्या, पेटीची सवय असलेली बोटं कुठेतरी भलतीकडेच पडतात. एक फायदा असा की कुठूनही सुरू करा, तीच चाल तशाच बोटांनी वाजते, म्हणजे काळी चार, पांढरी पाच हा प्रकारच नाही.

अर्ज करणार असाल तर डिपार्टमेंटला मेल टाकून दोनच गोष्टी मागा: गेल्या दोन वर्षांतल्या विद्यार्थ्यांच्या मायक्रोटोनल पीसची माणसांनी वाजवलेली रेकॉर्डिंग, आणि ते वाजवणारे तिथलेच विद्यार्थी होते की बाहेरून पैसे देऊन आणलेले. नुसते प्लेबॅक पाठवले किंवा उत्तरच आलं नाही तर समजून जा. मी ज्या पाच ठिकाणी विचारलं त्यातल्या दोघांनीच रेकॉर्डिंग पाठवली. इलेक्टिव्ह किती मुलं असली तर चालतं तेही लेखी विचारा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पोर्टफोलिओत रागावर आधारित काही टाकलं तर त्याखाली स्ट्रिंगचे कॉर्ड घालून फ्यूजन करू नका, इथं ते ऐकून ऐकून कंटाळलेत. एक तंबोरा आणि एक आवाज घेऊन नीट रेकॉर्ड केलेला दोन मिनिटांचा अतिकोमल ऋषभ जास्त बोलतो. ज्यांना गायन किंवा बासरीच पुढे शिकायचीय आणि युरोपात राहायचंय त्यांनी रॉटरडॅमचं कॉन्झर्वेटरी बघा, तिथल्या भारतीय संगीत विभागाशी हरिप्रसाद चौरसियांचं नाव जोडलेलं आहे, तो रस्ता पूर्ण वेगळा.

बाकी खोली. ऑफर लेटर हातात पडल्या दिवसापासून शोधायला लागा, आणि घरमालकाला रियाज चालेल का हे कॉन्ट्रॅक्टवर सही करायच्या आधी विचारा. माझ्या पहिल्या खोलीत रात्री आठनंतर पेटी बंद होती आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांचा टीव्ही बारापर्यंत चालू.