बसचं घर केलं, नऊ महिने राहिलो: जे जे झाकलं ते उघडावं लागलं

बस घेऊन दीड वर्ष झालं. त्यातले पहिले नऊ महिने कामात गेले, पुढचे नऊ आम्ही दोघं तिच्यातच राहतोय. साडेदहा मीटर लांब, इंजिन मागे, एअर ब्रेक, एअर सस्पेन्शन (म्हणजे गाडी हवेच्या पिशव्यांवर तोललेली), प्रवासी वाहतुकीतून निघालेली. अशी बस घ्यायचं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. बस मला आवडते, आजही सकाळी दार उघडलं की बरं वाटतं. पण आमच्या चुकांमधल्या बहुतेक एकाच जातीच्या निघाल्या, आणि ते कुणी आधी सांगितलं असतं तर तीनेक महिन्यांचं काम वाचलं असतं.

चूक ही: नीटनेटकं दिसावं म्हणून आम्ही गाडीचे भाग कायमचे झाकले.

सगळ्यात जास्त त्रास पलंगाने दिला. तो मागे, इंजिनच्या वर. इंजिनकडे मागच्या दारातून जाता येतं, म्हणून आतल्या फरशीवरचं झाकण आम्ही महत्त्वाचं मानलंच नाही. त्यावर 18 मिलिमीटरचा प्लाय, वर विनाइल, वर पलंगाचा खोका, तोही स्क्रूने जमिनीला पक्का. राहायला लागून दुसऱ्याच महिन्यात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कमी व्हायला लागलं. मेकॅनिकने मागून बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, "ताई, पाइप वरच्या बाजूला फुटलाय, इथून हात जात नाही. आत झाकण असेल ना?" होतं. गादी काढली, कपडे काढले, खोका सोडवला, विनाइल कापलं आणि प्लायवर ग्राइंडर चालवला. अर्ध्या तासाच्या पाइपसाठी दोन दिवस घराचा भुसा झाला. आता पलंग बिजागऱ्यांवर आहे, पूर्ण उचलला जातो, आणि झाकणाभोवती अॅल्युमिनियमची पट्टी आहे. दिसायला आधीइतकं छान नाही. मला मात्र तेच जास्त आवडतं.

खरेदीच्या वेळी आम्ही इंजिनचा आवाज ऐकला, धूर बघितला, टायर बघितले. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. खाचा खोल दिसल्या तरी रबर म्हातारं असू शकतं, हे तेव्हा माहीत होतं. खालून मात्र नीट बघितलं नाही. जुन्या बसचा खरा प्रश्न इंजिन क्वचितच असतो, गंज असतो. चाकांच्या कमानी, दाराची खालची पायरी, बॅटरीच्या पेटीची जागा, खिडक्यांखालचा पत्रा, इथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. पत्रा टणक लागला तर ठीक, पापडासारखा मोडला तर सौदा करताना त्याचा हिशोब धरा. चाळीस सीट काढायच्या म्हणजे दीडशेच्या वर बोल्ट. त्यातले निम्मे खालच्या नटसकट फिरत होते. तो आठवडा कानात ग्राइंडरचा आवाज घेऊनच गेला. जुनी फरशी उचलल्यावर खालचं बघून नवरा बराच वेळ काही बोलला नाही. गंजका भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला, उरलेल्या गंजावर आधी गंजरोधक, मग इपॉक्सी प्रायमर. हे काम घाईत करू नका. फरशी एकदा बसली की पुन्हा तिथे जाणं नाही.

दुसरं झाकलेलं म्हणजे भिंती. बसच्या सांगाड्यात लोखंडी फासळ्या असतात. आम्ही फासळ्यांच्या मधल्या जागेत फोम भरला आणि वरून लाकडी पट्ट्या थेट फासळ्यांना मारल्या. पहिल्या थंडीत सकाळी भिंतीवर ओलाव्याच्या उभ्या रेघा दिसल्या, बरोबर फासळीच्या अंतराने. लोखंड बाहेरची थंडी सरळ आत आणतं आणि श्वासातली वाफ तिथेच पाणी होऊन बसते. दोन माणसं रात्रभर झोपली की अर्धा लिटरच्या वर पाणी हवेत जातं, वर स्वयंपाकाची वाफ. एका कोपऱ्यातली पट्टी उघडली तर मागे काळी बुरशी. तो वास अजून आठवतो. मग एक बाजू पूर्ण उघडून फासळ्यांवर दहा मिलिमीटरची फोमची पट्टी चिकटवली आणि छतात पंखा बसवला. तो रात्रभर मंद चालतो, खालची एक खिडकी बोटभर उघडी असते. त्या बाजूला पाणी येणं जवळपास बंद झालं. दुसरी बाजू बाकी आहे.

वजनाचं. हे फारसं कुणी बोलत नाही, म्हणून थोडं सविस्तर. सीट काढल्यावर बस एकदा वजनकाट्यावर नेली, काम संपल्यावर टाक्या भरून, आम्ही दोघं आत बसून पुन्हा नेली. एकूण वजन मर्यादेत होतं, पण डावी बाजू उजवीपेक्षा 380 किलोने जड. ओटा, फ्रिज, पाण्याची टाकी, बॅटऱ्या, सगळं डावीकडे, कारण नळ आणि वायरी तशा सोप्या पडल्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आमची टाकी अडीचशे लिटरची. बॅटऱ्या उजवीकडे हलवल्या तेव्हा वळणावरचा झोल लगेच कमी झाला. टाकी दोन्ही एक्सलच्या मधे आहे ते नशीब. पण तिच्यात पाण्याचा हिंदकळा अडवणारे आडवे पडदे नाहीत, त्यामुळे ती अर्धी असताना ब्रेक मारला की गाडी थांबल्यावर क्षणभराने मागून एक ढकल येते. पहिल्यांदा मला वाटलं कुणीतरी येऊन धडकलं. आता निघायचं असेल तर टाकी पूर्ण भरतो, नाहीतर अगदी कमी ठेवतो.

वीज समाधानकारक. मोठ्या बस बहुधा 24 व्होल्टच्या असतात, आम्ही घराची बाजूही 24 व्होल्टचीच ठेवली. तेवढ्याच कामाला 12 व्होल्टच्या निम्मा करंट लागतो, म्हणून वायर बारीक चालते आणि तापत नाही. 200 अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे साधारण पाच युनिट. सुरुवातीला दोन ढगाळ दिवसांत ती रिकामी व्हायची आणि कारण कळेना. शेवटी मीटर लावून एकेक गोष्ट मोजली. इन्व्हर्टर काहीही न चालवता नुसता चालू असताना 25 वॅट खात होता. दिवसाला 0.6 युनिट, आमचा फ्रिज खातो तेवढेच! आता त्याचं बटण पलंगाशेजारी आहे, झोपताना बंद. या बॅटरीला शून्य अंशाखाली चार्ज करायचं नसतं, म्हणून ती आतच ठेवली. मुख्य फ्यूज मात्र कपाटाच्या पाठीमागे गेला होता, तेही उघडून पुढे आणावं लागलं.

गॅसबद्दल एवढंच: तो हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच आणि कप्पा आतल्या बाजूने हवाबंद हवा. जळणातून निघणाऱ्या, वास नसलेल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पहिल्या दिवसापासून लावा.

सुतारकामात स्क्रूवर विसंबू नका. घर हलत नाही, बस हलते. तीन महिन्यांत वरच्या कपाटांचे स्क्रू निम्मे बाहेर आले होते. जिथे वजन आहे तिथे आरपार बोल्ट आणि लॉकनट. ड्रॉवरना दाबून उघडणाऱ्या कड्या.

लघवी वेगळी करणारं कोरडं संडास घेतलं, त्याबद्दल एकही तक्रार नाही. एअर सस्पेन्शनमध्ये हवा हळू गळते, रात्रीतून गाडी एका कोपऱ्यात बसते आणि डोकं खाली झाल्यासारखं वाटून जाग येते. चाकाखाली ठोकळे आणि चासीला आधार देणारे चार जॅक घेतल्यापासून झोप लागते. प्रवासी बसचं राहण्याचं वाहन म्हणून नोंदणी बदलण्याचे नियम जागोजागी वेगळे आहेत. सीट कापण्याआधी ते कागद बघा, नंतर नाही. आम्ही आधी बघितले आणि त्यामुळे संकटकाळचं दार जागेवर राहिलं.

आता जे पॅनेल पुन्हा बसवतो ते बोल्टवर, आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलने लिहितो: मागे काय आहे, वायर कुठून येते, व्हॉल्व्ह कोणत्या बाजूला बंद होतो. मागच्या आठवड्यात पाण्याचा पंप थांबला. पॅनेलचे सहा बोल्ट काढले, पाठीवर माझंच अक्षर होतं, "फ्यूज 10 अँपिअर, डावीकडून दुसरा". जोडाला गंज चढला होता. घासला, पंप चालू झाला, चहाचं पाणी गॅसवरच होतं. डावी भिंत थंडी सुरू व्हायच्या आत उघडायची आहे.